हनुवटीखालचा पट्टा

गल्लीत तिला सगळे रक्तवाली म्हणत. तोंडावर अर्थातच वहिनी, रक्तवाली पाठीमागे. नवीन माणूस ते नाव ऐकून दचकायचा, पण बाईने जन्मात कुणाला साधी चापट मारली नव्हती. ती मोटरसायकलवरून रक्ताचे नमुने पोहोचवायची, एवढाच तो प्रकार. शहरभरच्या लहान दवाखान्यांत सकाळी सकाळी लोकांच्या दंडातून काढलेलं रक्त नळ्यांत भरून ठेवलेलं असायचं. ते गोळा करायचं, गाडीच्या मागच्या थंड पेटीत उभं लावायचं आणि मोठ्या लॅबमध्ये नेऊन द्यायचं. रक्त हे भलतंच नखरेल. उशीर झाला की बिघडतं, उन्हात राहिलं की बिघडतं, आणि गाडी खड्ड्यातून आदळत नेली तरी बिघडतं. म्हणजे सावकाश जायचं नाही आणि सुसाटही जायचं नाही. "संसारासारखंच आहे हो," असं ती लॅबमधल्यांना सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

दिसायला ती चारचौघींसारखी, पण दिसायची कुणाला? अंगात जाड जाकीट, त्याच्या कोपरांत आणि खांद्यांत घट्ट गाद्या, गुडघ्यांना ढालीसारखी कवचं, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, आणि डोक्यावर हनुवटीपर्यंत सगळं तोंड झाकणारं हेल्मेट. भर उन्हाळ्यातसुद्धा यातली एक वस्तू कमी व्हायची नाही. ती दवाखान्यात शिरली की टेबलामागची मुलगी म्हणायची, "आल्या! आज कुठल्या ग्रहावर?" रक्तवाली काच वर करून म्हणायची, "तुझ्याच. लवकर नळ्या दे, माझं यान चालू आहे." बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. घाम मात्र तिच्या मानेवरून आतल्या आत वाहत असायचा.

लोकांना वाटायचं, बाई फार जपून राहणारी आहे. काहींना वाटायचं, शिष्ट आहे. खरं काय ते कळायला तिच्या नवऱ्याची ओळख हवी.

नवरा मिस्त्री. मोटरसायकलींचा. राहायचं वर आणि गॅरेज खाली, अशी त्यांची सोय होती, आणि त्या काळात तिला कुणी रक्तवाली म्हणत नव्हतं, मिस्त्रीणबाई म्हणत. गाडी दारात येऊन उभी राहायच्या आधीच मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगायचा की साखळी सैल आहे की झडपा वाजताहेत. हात सोन्याचा, जीभ तिखट. गिऱ्हाईक हेल्मेटशिवाय आलं तर तो दुरुस्त झालेली गाडीसुद्धा ताब्यात द्यायचा नाही. "आधी डोकं घेऊन या, मग गाडी न्या," म्हणायचा, आणि मोठमोठे लोक निमूटपणे घरी जाऊन हेल्मेट घेऊन यायचे. बायकोला गाडी शिकवली तीही त्यानेच. दोन्ही ब्रेक एकदम लाव, पुढचा एकटा कधी आवळू नकोस. खड्ड्याकडे बघू नकोस, बघशील तिकडेच गाडी जाईल. मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस असं धरून चाल. हे सगळं त्याने तिच्याकडून इतक्यांदा घोकून घेतलं की तिला झोपेतही म्हणता आलं असतं.

आणि हाच माणूस स्वतः, गाडी दुरुस्त झाली की, उघड्या डोक्याने तिच्यावर बसून गल्लीतून एक फेरी मारायचा. त्याचं हेल्मेट गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकत असायचं. कारण विचाराल तर होतं, आणि ते या धंद्यातल्या माणसालाच सुचावं असं होतं: हेल्मेट घातलं की इंजिनाचा बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि तो ऐकल्याशिवाय काम झालं म्हणायचं कसं? एकच तर फेरी. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत.

सगळी गल्ली हे रोज बघायची. कुणी कधी चकार शब्द काढला नाही. मिस्त्रीला गाडीचं शहाणपण कोण शिकवणार? रक्तवालीसुद्धा वरच्या गॅलरीतून बघायची. कितीतरी वेळा तिच्या ओठावर यायचं, अहो, डोक्यावर घाला. पण खाली गिऱ्हाईक उभं असायचं. चारचौघांत नवऱ्याला कुठे तोंडघशी पाडायचं, असं म्हणून ती गप्प बसायची, आणि रात्री तो दमून आलेला असायचा म्हणून पुन्हा गप्प बसायची.

घात झाला तो अशाच एका फेरीत. वेग म्हणाल तर शेजारून सायकलवाला पुढे गेला असता इतका. कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडली होती, त्यावर पुढचं चाक सरकलं आणि मिस्त्री आडवा झाला. गाडीचा एक आरसा फुटला, बस. त्याचं डोकं मात्र पदपथाच्या कडेवर आपटलं.

तो वाचला. घरी आला तेव्हा लोक म्हणाले, नशीब थोर. चालायला लागला, जेवायला लागला, माणसं ओळखायला लागला. पण शब्द हातातून निसटायचे. पाना म्हणायचं असेल तर चमचा म्हणायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा. आणि ज्या हातांनी डोळे मिटून इंजिन उघडलं होतं, त्यांना शर्टाच्या गुंड्या कुठून सुरू करायच्या ते आठवेना. गॅरेजचं शटर खाली आलं ते आलंच. घर चालवायला कुणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं, आणि गाडी तिला येत होती.

डॉक्टर म्हणाले होते, हातांना रोज एखादं तेच ते काम द्या, ठरलेल्या क्रमाने करू द्या. वाटाणे सोलायला देऊन बघितले, कपड्यांच्या घड्या देऊन बघितल्या. मिस्त्रीने दोन्ही बाजूला सारलं. त्याने आपलं काम स्वतःच निवडलं. ती पहिल्या दिवशी लॅबच्या नोकरीवर निघाली तेव्हा तो दाराशी येऊन उभा राहिला, तिच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं आणि तिला घातलं. पट्टा बांधला. मागून धरून हेल्मेट पुढे ढकलून बघितलं, ते हलत नाही याची खात्री केली, आणि मग बाजूला झाला. रक्तवाली जिना उतरताना ढसाढसा रडली होती, आनंदाने.

आनंदाचं काय असतं, पहिले काही महिने असतो. हळूहळू हेल्मेटच्या आधी जाकीट आलं, जाकिटाच्या आधी कवचं आली, त्याआधी बूट. सगळं तोच चढवणार, आणि त्याच क्रमाने. मध्येच काही चुकलं की पहिल्यापासून. ती दारात पुतळ्यासारखी उभी, हात पसरून, आणि पहिल्या दवाखान्याचा फोन खिशात थरथरतोय. "अहो, उशीर होतोय," म्हटलं की त्याचे हात आणखी गोंधळायचे, म्हणून तिने म्हणायचंच सोडून दिलं. संध्याकाळी परत आल्यावरही तोच सगळं उतरवणार. तोपर्यंत तो दिवसभर गॅलरीत. ताट झाकून ठेवलेलं तसंच. ती येईपर्यंत घास घशाखाली उतरायचा नाही.

एकदा लॅबमध्ये कुणाच्या तरी निरोपाचा चहा होता. रक्तवाली थांबली, चार विनोद केले, पोट धरून हसली आणि जरा उशिराने निघाली. घराच्या अलीकडच्या मोठ्या रस्त्यावर तिला मिस्त्री दिसला. मधल्या दुभाजकावर, पायात घरातल्या सपाता, दोन्हीकडून गाड्या भरधाव चाललेल्या, आणि तो प्रत्येक मोटरसायकलकडे वाकून वाकून बघतोय. त्या दिवसापासून तिचा चहा सुटला. बहिणीकडे जाणं सुटलं. लॅबचे लोक विचारायचे, "वहिनी, तुम्हाला घरी कोण बांधून ठेवतं हो?" ती म्हणायची, "नवरा. पट्ट्याने." सगळे हसायचे, तीही हसायची. खोटं बोलत नव्हती बिचारी.

तरी ते सगळं तिने अंगवळणी पाडून घेतलं होतं. माणूस काय, कशालाही सरावतं. पण उन्हाळ्यात एके दिवशी निराळंच झालं.

गतिरोधकावरून ती नेहमीसारखीच अलगद जात होती, रक्ताचा विचार करून. पुढे एक म्हातारा अचानक रस्त्यात उतरला. तिने दोन्ही ब्रेक लावले, गाडी थांबली, आणि हेल्मेट थांबलं नाही. ते पुढे सरकून थेट तिच्या डोळ्यांवर आलं. समोर अंधार. म्हातारा शिव्या देत निघून गेला एवढं ऐकू आलं. गाडी बाजूला घेऊन तिने हनुवटीखाली हात घातला, तर पट्टा नुसता लोंबत होता.

त्या हेल्मेटला चापाचं कुलूप नव्हतं. मिस्त्रीचा चापांवर विश्वास नव्हता; चांगल्या दिवसांत त्याने तिच्यासाठी मुद्दाम दोन कड्यांचं हेल्मेट शोधून आणलं होतं. पट्टा आधी दोन्ही कड्यांतून ओवायचा, आणि मग मागे वळवून एकाच कडीतून परत काढायचा. ती शेवटची वळणाची ओवण म्हणजेच सगळी गंमत. ती झाली की बैल ओढला तरी पट्टा सुटत नाही. नाही झाली तर पट्टा दिसायला घट्ट दिसतो, हाताला घट्ट लागतो, आणि धरत काहीच नाही. मिस्त्री ती वळणाची ओवण विसरला होता. मागून ढकलून बघायचंही विसरला होता. पट्ट्याचं टोक ओढून, समाधानाने मान हलवून, बाजूला होत होता. कधीपासून, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तिने डोळ्यांत तेल घालून बघितलं. तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. तिने हळूच म्हटलं, "आज जरा सैल वाटतंय हो." त्याने पुन्हा ओवला, पुन्हा तसाच, आणि तिच्याकडे असं बघितलं की तिने विषय तिथेच सोडला. मग तिने चापाचं नवं हेल्मेट आणलं. त्याने तो चाप दोनदा दाबून त्याचा आवाज ऐकला, तोंड वाकडं केलं आणि ते हेल्मेट माळ्यावर टाकून दिलं. मिस्त्रीपण कुठे कुठे शाबूत राहिलं होतं बघा, नेमकं अडचणीच्या जागी.

आता बायकोने करावं काय? त्याच्या हातात उरलेलं हे एकच काम. या एका कामासाठी तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, दाराशी येऊन उभा राहायचा. तेही येत नाही असं त्याला सांगायचं? आणि नाही सांगायचं, तर डोक्यावर भांडं पालथं घालून फिरल्यासारखं हेल्मेट घालून फिरायचं?

तिने मधला मार्ग काढला. गल्लीच्या टोकाला पाण्याची मोठी टाकी होती. तिच्या पलीकडे वळलं की गॅलरीतून काही दिसायचं नाही. तिथे ती रोज गाडी थांबवायची, हातमोजे काढायची, हेल्मेट उतरवून नीट घालायची, पट्टा स्वतः ओवायची, मागून ढकलून बघायची, आणि मग पुढे जायची. गॅलरीपासून टाकीपर्यंत मात्र ती जीव मुठीत धरून चालवायची. तेवढ्याच अंतरात कधीकाळी काय झालं होतं, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण गल्ली म्हटली की डोळे आले, आणि त्यात नणंद खालीच, गॅरेजच्या मागच्या खोल्यांत राहणारी. मिस्त्रीची थोरली बहीण. मनाने वाईट नाही. पण दिसलेलं पोटात ठेवायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. बसला जाताना तिला टाकीच्या पलीकडे भावजय दिसली, उघड्या डोक्याने, हेल्मेट हातात. एकदा दिसली, मग पुन्हा दिसली. पुढचं बघायला वन्संना वेळ नव्हता, बस आली होती. त्या दिवशी दुपारी वर येऊन त्यांनी भावाला सांगून टाकलं, "तुझी बायको कोपऱ्यावर गेली की हेल्मेट काढते रे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

त्या संध्याकाळी मिस्त्रीने सगळं उतरवलं, पण एक शब्द बोलला नाही. रक्तवालीला वाटलं, बरं नसेल.

सकाळी ती तयार होऊन आली तर मिस्त्री दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेला. मांडीवर हेल्मेट, मुठीत गाडीची किल्ली.

"अहो, उठा ना. काय झालं?"

"काढतेस," तो म्हणाला.

"काय काढते?"

त्याने हेल्मेट उचलून दाखवलं. शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला. "कोपऱ्यावर. ताईने बघितलं. माझ्यासारखं... माझ्यासारखं करतेस."

तिला सगळं एकदम उमगलं. त्याला वाटत होतं, ती उघड्या डोक्याने फिरते. हा माणूस कालपासून ते उरात घेऊन बसला होता. रात्रभर झोपला नसणार.

खिशात फोन थरथरला. पहिला दवाखाना. तेवढ्यात बाहेरून दारावर थाप पडली. नणंद होती, बोलणं ऐकून वर आलेली. "अरे, दार उघड! तिला कामाला जाऊ दे. मी आपली काळजीपोटी बोलले, तू लगेच दारात काय बसलास?"

"वन्सं, तुम्ही जरा गप्प बसा," रक्तवाली म्हणाली. इतक्या वर्षांत ती नणंदेला असं कधी बोलली नव्हती.

एक खोटं बोलायचं, की सुटका. हो, उकडतं म्हणून काढत होते, आता नाही काढणार, शपथ. त्याने किल्ली दिली असती. पण उद्यापासून टाकीमागे थांबायची सोय संपली असती. वन्सं बस सोडतील पण पाळत सोडणार नाहीत. मग पट्टा तसाच लोंबता ठेवून शहरभर फिरायचं. आणि हा इथे गॅलरीत, बायको उघड्या डोक्याने हिंडत असेल या धास्तीने झुरत बसणार. नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय? ती दारापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. जायला दुसरी जागाच नव्हती. एवढंसं घर, आणि दाराला तो पाठ लावून बसलेला.

खिडकीतून खाली गल्ली दिसत होती. बाहेरच्या गॅलरीत उभी राहून ती त्याला रोज उघड्या डोक्याने जाताना बघायची. सगळ्या गल्लीने त्याची इभ्रत जपली होती, तिनेही जपली होती, आणि तो आज गुंड्या लावू शकत नव्हता. तेच ती आता पुन्हा करत होती. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

ती त्याच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. "मी हेल्मेट काढून फिरत नाही," ती म्हणाली. "टाकीमागे थांबून पट्टा परत ओवते. तुम्ही ओवलेला सुटतो."

"खोटं."

"बांधा. आणि मागून ढकलून बघा. तुम्हीच शिकवलंय ना सगळ्यांना, ढकलून बघितल्याशिवाय निघायचं नाही म्हणून?"

त्याने तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं. कानाजवळ अडकलेले केस बोटाने आत सारले, हे तो कधी विसरायचा नाही. पट्टा दोन्ही कड्यांतून ओवला, टोक ओढलं, घट्ट केला. मान हलवली. झालं.

"ढकला."

त्याने मागून हात लावून ढकललं. हेल्मेट तिच्या कपाळावरून घसरलं, नाकाला खरचटत पुढे आलं आणि दोघांच्या मध्ये पडलं.

तो तिच्याकडे बघत नव्हता. पट्ट्याकडे बघत होता, बंद पडलेली गाडी समोर आल्यावर बघायचा तसा, डोळे बारीक करून. त्याने पुन्हा तिला हेल्मेट घातलं. या वेळी फार सावकाश. पहिली कडी, दुसरी कडी. वळणापाशी बोटं आली आणि थांबली. तिच्या हनुवटीखाली ती बोटं नुसती कडी चाचपत राहिली. एक शब्द पुरला असता. तिने सांगितला असता तर त्याने आत्तापुरता केलाही असता, आणि उद्या पुन्हा विसरला असता. ती काही बोलली नाही. त्याने टोक ओढलं, ढकललं, हेल्मेट पडलं. तिसऱ्या वेळी त्याने पट्ट्याची साधी गाठ मारली, पोत्याला मारतात तशी. तीही ढकलल्यावर हळूहळू सुटत गेली आणि हेल्मेट पुन्हा खाली आलं.

दाराबाहेर नणंद आहे की गेली, कळत नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"रोज?"

कधीकधी, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने गिळलं. "रोज," ती म्हणाली.

तो रडला नाही, चिडला नाही. मांडीवरचे दोन्ही हात त्याने उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. मग अगदी सरळ, एकही शब्द न चुकता म्हणाला, "मग मी काय करू?"

बोलण्यात कुणाला हार न जाणारी ही बाई. दवाखान्यातल्या पोरींना, लॅबच्या साहेबांना, चौकातल्या पोलिसाला तिच्याकडे उत्तर तयार असायचं. आज तिने जमिनीवरचं हेल्मेट उचललं, त्याच्या डोळ्यांदेखत डोक्यावर घातलं आणि पट्टा ओवला. दोन्ही कड्यांतून, वळवून, एका कडीतून परत. क्षणभराचंही काम नव्हतं ते. इतकं झटकन झालं की तिलाच लाज वाटली.

"ढकला," ती म्हणाली.

त्याने हात उचलला नाही.

"अहो, बघा ना. तुम्ही बघितल्याशिवाय मी कशी जाऊ?"

त्याने हात लावला. ढकललं. हेल्मेट हललं नाही. त्याने दुसराही हात लावला आणि जीव खाऊन ढकललं. तिची मान खाली गेली, हनुवटी छातीला टेकली, मानेत कळ आली. पुन्हा ढकललं. पट्टा गळ्यात रुतला.

"धरलं," तो म्हणाला.

मग तो दारापासून सरकला. उठताना भिंतीचा आधार घेतला, तिने दिलेला हात घेतला नाही. किल्ली त्याने तिच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिने किल्ली उचलून दार उघडलं, तर बाहेर नणंद तोंडाला हात लावून उभी. "मला काय माहीत गं," एवढंच ती म्हणाली. रक्तवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरली. बूट, कवचं, जाकीट चढवायचं राहिलं होतं, ते सगळं तिने खाली पायरीवर बसून स्वतःच चढवलं, झरझर.

गाडी चालू करून तिने सवयीने वर बघितलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, एकदा तरी मान वर करावी आणि ती गॅलरी रिकामी दिसावी. कुणी वाट बघत नाही, कुणी उपाशी नाही, जावं तिकडे जावं आणि यावं तेव्हा यावं. आज गॅलरी रिकामी होती.

टाकीमागे थांबायचं आता कारण नव्हतं. ती थांबली नाही. मोठ्या रस्त्याला लागली, पहिला सिग्नल ओलांडला, आणि समोरचं सगळं धूसर व्हायला लागलं. हेल्मेटच्या आत रडणं मोठं अवघड असतं. आतला वाफारा काचेवर बसतो आणि गाड्या, माणसं, रस्त्यावरचे पट्टे सगळं एकमेकांत मिसळून जातं. डोळ्यांत पाणी असताना गाडी चालवू नये, असा फलक कुठल्या रस्त्यावर लावलेला नसतो, मिस्त्रीनेही तो नियम कधी शिकवला नव्हता. तिने इशारा दिला, आरशात बघितलं, गाडी अगदी डाव्या कडेला घेतली आणि बंद केली.

काच वर करून तिने डोळे पुसायचा प्रयत्न केला. जाड हातमोज्याची बोटं आत शिरेनात. हातमोजा काढला, तरी पाणी गालावरून खाली हेल्मेटच्या गादीत मुरत होतं, तिथवर बोट पोहोचेना. पट्टा सोडून हेल्मेट उतरवलं असतं तर तोंड नीट पुसता आलं असतं. शेजारून गाड्या जात होत्या. तिने पट्ट्याला हात लावला नाही. पहिल्या दवाखान्याचा फोन खिशात थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला, आणि ती तशीच उभी राहिली, पुढचा रस्ता स्वच्छ दिसेपर्यंत.